चिखल अडवला आणि गाडी उकळली: जुन्या मोटारीवरचे बदल तपासायचे कसे

मे महिना सरत आला की जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची धांदल सुरू होते. कुणी गाडीला खालून पत्रा मारून घेतं, कुणी मडगार्डांना रबराचे पडदे लावतं, कुणी पायाखालच्या फळ्यांना नमदा चिकटवतं. बहुतेक वेळा हे सगळं एकाच रविवारी उरकलं जातं. मग पहिल्याच फेरीत रेडिएटर उकळतो किंवा पायाखालून करपल्याचा वास येतो, आणि तीनपैकी कशामुळे हे झालं ते कुणालाच सांगता येत नाही. शेवटी तिन्ही गोष्टी काढून माळ्यावर जातात.

चूक सामानात नसते, क्रमात असते. या गाड्यांत चिखल आत येण्याची आणि गरम हवा बाहेर पडण्याची वाट एकच: खालची. चिखलाला दार लावलंत की हवेचंही दार थोडं लागतं. म्हणून आधी मोजायचं, मग चिखलाचं काम, मग पुन्हा मोजायचं, त्यानंतर उष्णतेचं काम आणि सगळ्यात शेवटी पाणी. हा क्रम उलटा केलात तर प्रत्येक मोजमाप दोनदा करावं लागेल.

उदाहरणं मी फोर्ड मॉडेल टीची घेतली आहेत. १९०८ ते १९२७ या काळात बनलेली ही गाडी. आपल्याकडे उजव्या स्टिअरिंगच्या आल्या त्या कॅनडात बनलेल्या. तुमची गाडी दुसरी असली तरी ती १९३० च्या आधीची, लाकडी फळ्यांची आणि पाण्याच्या पंपाविना चालणारी असेल, तर पुढचं बहुतेक सगळं तिला लागू पडेल.

## हात लावण्याआधी तीन गोष्टी

चॅसिसला भोक पाडायचं नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला असेल तर नोंदणीची पंचाईत होते. प्रत्येक जोड क्लॅम्पने किंवा आधीपासून असलेल्या भोकांतून बसवा. पाना घेऊन अर्ध्या तासात सगळं निघालं पाहिजे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. चाचण्यांसाठी एखाद्या ओळखीच्या माणसाचं मोकळं आवार, कारखान्याची आतली सडक किंवा शेतरस्ता धरा.

जुनं पांढरट वेष्टन खरवडायचं नाही. त्या काळात सायलेन्सरवर, गॅस्केटांत, ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे. कापडासारखं, पुठ्ठ्यासारखं, करड्या धाग्यांचं काही दिसलं तर ते ओलं ठेवा. घासू नका, झाडू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. त्याची भुकटी फुप्फुसात गेली की परत निघत नाही. काढायचंच असेल तर ते काम जाणकाराला द्या.

इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डला उष्णता कोंडणारी पट्टी गुंडाळायची नाही. मोटारसायकलवाल्यांचं पाहून हे खूळ आलं आहे. मॉडेल टीचा मॅनिफोल्ड आधीच वाकण्यासाठी बदनाम. त्यावर पट्टी गुंडाळली की बीड आणखी तापतं, आणि गाडी उभी असताना पट्टीतली ओल त्यालाच चिकटून राहते. उष्णता अडवायची ती पत्र्याच्या पडद्याने, मध्ये हवेची फट ठेवून.

## टप्पा १: गाडी कोरडी आणि गळती बंद

तेल गळणाऱ्या गाडीवर कसलीच चाचणी खरी ठरत नाही. खाली पत्रा बसवला की गळलेलं तेल रस्त्यावर पडायचं ते पत्र्यात साचतं, त्यात धूळ आणि गवत मुरतं आणि वरून जातो गरम पाइप. ही सरळ आगीची तयारी आहे.

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, घ्या. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. रॉकेल आणि ब्रशने खालचा भाग धुवा. प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका: लाकडी आऱ्यांच्या सांध्यांत पाणी शिरतं, बेअरिंगांतलं ग्रीस निघतं. वाळल्यावर रात्रभर खाली वर्तमानपत्रं अंथरून ठेवा. सकाळी डाग कुठे आहेत ते पाहा. पेट्रोलचा डाग वाळून जातो पण वास राहतो, म्हणून नाकही वापरा.

लाकडी आरे हाताने हलवून पाहा. एखादा आरा ‘टक’ आवाज करत असेल तर चाक दुरुस्त होईपर्यंत ओली चाचणी विसरा.

> तपासा: रेडिएटरचं पाणी वरच्या टाकीत, वरच्या होजच्या तोंडाच्या वर आहे ना? या गाड्यांत गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड खाली उतरतं आणि त्यावरच सगळं फिरतं. पातळी होजच्या तोंडाखाली गेली की फिरणं थांबतं. मग गाडी उकळली तर दोष तुमच्या पत्र्याचा नसतो.

## टप्पा २: आधीची मोजमापं

हा टप्पा दहातले नऊ जण गाळतात. ‘आधी फार गरम व्हायचं, आता बरं आहे’ ही चाचणी नव्हे, कारण आधी म्हणजे एप्रिल आणि आता म्हणजे जुलै.

लागणारं सामान फार नाही: हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर, शक्य असल्यास तारेचा एक थर्मोकपल (तारेचं टोक टेकवाल तिथलं तापमान सांगणारा), वही, पेन्सिल आणि मोबाइल.

इन्फ्रारेडची एक फसवणूक आधीच सांगतो. चकचकीत धातूवर तो भलताच कमी आकडा दाखवतो. नव्या ॲल्युमिनियमच्या पडद्यावर नेम धरून ‘पाहा, फक्त ४० अंश’ म्हणणारे मी पाहिले आहेत. हात लावल्यावर चटका बसला. मोजायच्या प्रत्येक जागी आधी काळ्या, चमक नसलेल्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या. पाइपाजवळ स्टोव्हसाठी मिळतो तो उष्णता सोसणारा रंग लावा. नेहमी त्या ठिपक्यावरच, त्याच अंतरावरून मोजा.

जागा या:

- फायरवॉलची, म्हणजे इंजिन आणि चालक यांच्यामधल्या भिंतीची, आतली बाजू, चालकाच्या गुडघ्यासमोर
- टाचेखालची फळी, वरून आणि खालून
- कार्बोरेटरची वाटी
- पेट्रोलच्या नळीची इंजिनाकडची शेवटची वीत
- कॉइलच्या (प्लगसाठी ठिणगी तयार करणाऱ्या) पेटीची बाजू
- रेडिएटरची वरची आणि खालची टाकी

मॉडेल टीचा एक्झॉस्ट इंजिनाच्या उजव्या अंगाने खाली उतरतो, आणि आपल्याकडच्या गाड्यांत चालकही उजवीकडेच बसतो. तेव्हा ‘पाय भाजतात’ ही तक्रार काही तुमच्या एकट्याच्या गाडीची नाही.

एकच ठरलेला फेरा करा: वीस मिनिटं, ताशी ३० ते ३५ किलोमीटर, शेवटी तीन मिनिटं उभ्या उभ्या इंजिन चालू. लगेच आकडे घ्या. मग इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा घ्या. हा दुसरा आकडा जास्त कामाचा. इंजिन थांबलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं मंदावतं, आणि मॅनिफोल्डची उष्णता कार्बोरेटरवर चढते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि पेट्रोलचे हलके अंश त्याच्या कितीतरी आधी. चहाला थांबलात आणि नंतर गाडी सुरूच होईना, तर त्याचं कारण बहुतेक वेळा या दहा मिनिटांत सापडतं.

फेरा तीनदा, तीन दिवस, शक्यतो एकाच वेळी करा. शेजारी सावलीतलं हवेचं तापमान लिहा आणि प्रत्येक आकड्यातून ते वजा करा. पुढे तुलना करायची ती या फरकांची. हवा ३८ अंश असताना फळी ६६ आणि हवा २६ असताना ५४ म्हणजे काहीही सुधारलेलं नाही. दोन्ही वेळा फरक २८ चाच.

आवाजाचं थोडक्यात सांगतो, कारण मॉडेल टी शांत करायला निघालेला माणूस दुसरी गाडी घेतो. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप कानाच्या उंचीवर, त्याच सडकेवर, त्याच वेगाला धरा. खरा आकडा त्याला कळत नाही, फरक बऱ्यापैकी कळतो. तीन डेसिबलहून कमी फरक पडला तर तो पडलाच नाही असं धरा.

> सावध: कार्बोरेटरला मॅनिफोल्डजवळची गरम हवा देणारी नळी तुमच्या गाडीवर असेल तर ती सगळ्या चाचण्यांत एकाच स्थितीत ठेवा. एकदा लावून आणि एकदा काढून घेतलेल्या आकड्यांची तुलना होत नाही.

## टप्पा ३: चिखल नेमका कुठे जातो? कागदाला विचारा

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी आहे, आणि तिला शंभर रुपयेही लागत नाहीत.

मैद्याची खळ शिजवा. जुनी वर्तमानपत्रं तळहाताएवढी फाडून गाडीच्या खाली जागोजाग चिकटवा: चॅसिसच्या आतल्या बाजूला, फळ्यांखाली, पेट्रोलच्या नळीजवळ, मागच्या मडगार्डाच्या आत, पायरीच्या मागे, दाराच्या खालच्या कडेला. गरम पाइपापासून एक हात दूर राहा. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने आकडा टाका आणि गाडीचा नकाशा काढून त्यावर तेच आकडे लिहा.

आता आवारात प्लास्टिकची ताडपत्री अंथरून कडेला विटा लावा. चार-पाच मीटर लांब आणि एका चाकापुरती रुंद अशी उथळ खाच तयार होईल. त्यात बोटभर पाणी घाला आणि पाण्यात गेरू कालवा. गेरूच का? तो कागदावर लालभडक उठतो, वाळला तरी दिसतो आणि जुन्या तेलाच्या डागांत हरवत नाही. आधी डावी चाकं त्यातून न्या, ताशी १५ ने. कागद पाहा. मग ताशी २५, मग ४०. प्रत्येक वेगाला नवे कागद लावा. त्यानंतर उजवी चाकं.

कागद वाचायला शिका:

बारीक, लांबट, एका दिशेने ओढलेले ठिपके म्हणजे टायरवरून सुटून सरळ रेषेत आलेला मारा. चाकाला चिकटलेलं पाणी सुटताना चाकाच्या कडेला स्पर्श करणाऱ्या रेषेत उडतं. याला उपाय मडगार्डाच्या शेवटी पडदा.

मोठे, पसरट, आडवे फराटे म्हणजे टायरने दाबून बाजूला फेकलेलं पाणी. त्यावर पडदा कितीही लांब केला तरी उपयोग नाही. मडगार्ड आणि चॅसिस यांच्यामधली फट झाकावी लागते.

वरून खाली ओघळलेले डाग म्हणजे दुसरीकडे आपटून टपकलेलं पाणी. त्याचा माग काढत वर जा. हा कागद एकटा वाचून पत्रा कापायला बसू नका.

माझ्याकडे एका गाडीच्या मालकाचं म्हणणं होतं की पुढच्या चाकांचा चिखल थेट कॉइलच्या पेटीवर येतो. कागद लावले. पेटीजवळचे तिन्ही कोरे, पण बॉनेटच्या बिजागरीखालचा चौथा ओघळांनी लाल. पाणी खालून येतच नव्हतं. पाऊस वरून बिजागरीच्या फटीतून गळत होता. चार हजारांच्या पत्र्याऐवजी रबराची एक पट्टी पुरली.

> तपासा: तिन्ही वेगांचे कागद नकाशासह जपून ठेवा. बदल केल्यावर शेजारी ठेवून पाहायचे ते हेच.

## टप्पा ४: आधी पुठ्ठा, मग पत्रा

पडद्याची लांबी डोळ्यांनी ठरवू नका. एक दोरी घ्या. तिचं एक टोक, वाचवायची जी जागा आहे तिथे धरा. दुसरं टोक टायरच्या मागच्या बाजूला असं टेकवा की दोरी टायरला नुसती घासून जाईल. ही पाण्याची वाट. पडद्याच्या खालच्या कडेने ती दोरी कापली पाहिजे. कापत नसेल तर पडदा आखूड आहे. चार बोटं जास्तीचा असेल तर उगाच लोंबतो आणि वेगात मागे उडून रेषा मोकळी करतो. खालच्या कडेला वजनाची पट्टी लावा, लांबी वाढवू नका.

साच्यासाठी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा छान. तो क्लॅम्पने बसवून तीन गोष्टी पाहा.

स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. पुढचं चाक पुठ्ठ्याला कुठेही लागता कामा नये.

गाडीत चार माणसं बसवा आणि उड्या मारायला लावा. मॉडेल टीला पुढे एक आणि मागे एक असा आडवा पाटा (स्प्रिंग) असतो, त्यामुळे ॲक्सल एका बाजूला खूप तिरका होतो. म्हणून एक चाक वीतभर उंच विटेवर चढवूनही पाहा. बहुतेक घासाघीस इथेच पकडली जाते.

तिसरी गोष्ट आपल्या मातीची. मडगार्ड किंवा त्याखालचा नवा पत्रा टायरपासून किती दूर हवा? कोकणातली जांभ्याची लाल माती खरखरीत असते, घासते पण निघून जाते. देशावरची काळी माती ओली झाली की टायरला थर देत जाते, गवत मिसळलं की गोळे होतात, आणि फट कमी असेल तर चाक चक्क अडकतं. पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी काढलेल्याला हे सांगायला नको. मी तीन बोटांपेक्षा, म्हणजे साधारण ५० मिलिमीटरपेक्षा, कमी फट ठेवत नाही. काळ्या मातीच्या भागात ७५.

## टप्पा ५: एक भाग, एक फेरा

आता खरे भाग. क्रम असा: मागच्या मडगार्डांचे पडदे, मग पुढच्या मडगार्ड आणि चॅसिसमधली झाकणं, आणि सगळ्यात शेवटी इंजिनाखालचे पत्रे. हवेला कमी अडवणारं आधी, जास्त अडवणारं शेवटी.

पडद्यासाठी ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर उत्तम. मूळ रूप राखायचं असेल तर जाड चामडं, पण त्याला दर मोसमाला तेल पाजावं लागतं. झाकणांसाठी ताडपत्रीचं जाड कापड पत्र्यापेक्षा चांगलं: खडखडत नाही, गंजत नाही, आणि चाक लागलंच तर फाटतं, चाक अडवत नाही.

इंजिनाखालच्या पत्र्यांपाशी थोडं थांबू या, कारण गाड्या उकळतात त्या इथे. मॉडेल टीला कारखान्यातूनच इंजिनाच्या दोन्ही अंगांना, क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) आणि चॅसिस यांच्यामधली फट झाकणारे पत्रे येत. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांवर ते आता नाहीत. कधीतरी खडखडले म्हणून काढले आणि भंगारात गेले. मग पत्रेवाल्याकडे गाडी नेली की तो पुढून मागपर्यंत एक सलग ताट बसवून देतो. दिसायला झकास! पण रेडिएटरमधून आत आलेल्या हवेला बाहेर पडायला जागाच उरत नाही. दुसरी अडचण: मॉडेल टीचं तेल पाहायला काडी नसते. गाडीखाली शिरून मागच्या बाजूचे दोन छोटे नळ उघडून पातळी कळते. ताट बसवलं की नळ झाकले, आणि नळ झाकले की कुणी तेल पाहत नाही.

म्हणून दोन वेगळे पत्रे करा, डावा आणि उजवा. मागची बाजू पूर्ण मोकळी ठेवा. प्रत्येकाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक ठेवा, म्हणजे तेल आणि पाणी साचणार नाही.

प्रत्येक भाग बसवल्यावर टप्पा २ चा फेरा एकदा करा. हो, प्रत्येक वेळी. कंटाळा येतो. पण एका वेळी एकच बदल असला तर आकडा चढल्यावर गुन्हेगार समोर उभा असतो.

> सावध: रेडिएटरच्या टोपीवर जुना मोटोमीटर (तापमापक) असेल तर त्याच्यावर विसंबू नका. तो पाण्यात बुडालेला नसतो, पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवतो. पाणी कमी झालं तर तो तुम्हाला निवांत ठेवेल.

## टप्पा ६: घाटाची परीक्षा, कोरड्यात

सपाटीवर ठीक असलेली गाडी घाटात उकळते. चढावर इंजिन जोर लावतं, वेग कमी असतो आणि समोरून हवा येत नाही. त्यात या गाड्यांच्या रेडिएटरची टोपी दाब धरत नाही, त्यामुळे पाणी उकळतं ते त्या उंचीच्या हिशेबाने. दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. खाली वाईला ९२ अंशांवर जी गाडी ‘अजून बरीच जागा आहे’ म्हणते, तिला पसरणी घाट चढेपर्यंत ती जागा उरत नाही.

चढाची जागा लहान असली तरी चालेल: दीड-दोन किलोमीटरचा सलग चढ पुरे. आधी पत्र्यांशिवाय, मग पत्र्यांसह, त्याच दिवशी. रेडिएटरची वरची टाकी हवेपेक्षा किती जास्त तापली ते लिहा. पत्र्यांमुळे हा फरक ५ अंशांपेक्षा जास्त वाढला तर मी पत्र्यांची मागची कड आणखी कापतो आणि पुन्हा चढतो. पाच हा आकडा माझ्या अनुभवातला आहे. तुमच्या गाडीला मुळातच कमी वाव असेल तर तीनच धरा.

पेट्रोल भरपूर ठेवा. मॉडेल टीत पंप नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या सीटखाली. खड्या चढावर टाकी रिकामी असेल तर इंजिन अडखळतं आणि तुम्ही त्याचा दोष उष्णतेला द्याल.

## टप्पा ७: उष्णतेचं काम

आता, आणि आताच, फळ्या आणि फायरवॉल.

मी एकदा घाई केली होती. पावसाळ्याच्या तोंडावर फळ्यांच्या वरच्या बाजूला जाड नमदा रबर सोल्यूशनने कडेपर्यंत चिकटवला, वर रेक्झिन. पाय गार, मन गार. ऑक्टोबरात वास येऊ लागला. रेक्झिन उचललं तर नमदा पिळून काढण्याइतका ओला आणि खालच्या सागाच्या फळीत नख सहज रुतत होतं. पाणी खालून फळीच्या सांध्यांतून चढलं होतं आणि वरून रेक्झिनने त्याला कोंडलं होतं. दोष नमद्याचा नव्हता. ओल निघायला मी वाटच ठेवली नव्हती.

तेव्हापासून हा नियम: फळीच्या खाली पडदा, वर काही चिकटवायचं नाही.

१. पाइपाच्या आणि फळीच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा टांगा. फळीपासून १५ ते २० मिलिमीटर खाली, पाइपापासूनही तेवढाच किंवा जास्त दूर. फट ठेवायला लाकडी नाही, पितळी किंवा लोखंडी नळीचे तुकडे वापरा. चकचकीत पत्रा उष्णता परतवतो तो समोर हवा असेल तेव्हाच. फळीला घट्ट चिकटवला तर तो तापून फळीलाच तापवतो.

२. पुन्हा मोजा. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच भागतं.

३. भागलं नाही तर फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला तसाच पडदा. हाताशी सिरॅमिक फायबरची चादर असेल तर ती दोन पत्र्यांत सर्व बाजूंनी बंद करून वापरा. कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. धागे सुटे राहता कामा नयेत.

४. आत पायाखाली नमदा हवाच असेल तर तो सुटा गालिचा म्हणून, उचलून उन्हात टाकता येईल असा.

प्रत्येक फळीचा पडदा वेगळा करा. मॉडेल टीच्या गिअरच्या पेटीतले रिव्हर्सचे आणि ब्रेकचे पट्टे आवळायला मधली फळी आणि तिच्याखालचं झाकण उघडावं लागतं. तिन्ही फळ्यांवरून एकच सलग पत्रा गेला असेल तर रस्त्यात पट्टा सैल झाल्यावर तो पत्रा कापण्याची वेळ येईल.

फळीच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यावर ७५ अंशांपेक्षा जास्त आकडा मी खपवून घेत नाही. लाकूड महिनोन्‌महिने तापत राहिलं की कोरडं कोळशासारखं होत जातं आणि कमी तापमानाला पेट घेतं.

> सावध: नमदा, गोणपाट, फोम, डांबरी पट्ट्या या गोष्टी इंजिनाच्या बाजूला नकोत. आज कोरड्या आहेत, सहा महिन्यांत तेल पितील.

## टप्पा ८: पाणी, मग चिखल

पहिल्या पावसात गाडी बाहेर काढणं म्हणजे चाचणी नव्हे, तो जुगार झाला. आधी बागेच्या पाइपने, गाडी उभी असताना, दहा मिनिटं वरून पाणी घाला. कॉइलच्या पेटीचं झाकण काढून आत पाहा. ती आतून लाकडी असते. ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता लाकडावरूनच पळते, आणि एकदा तशी काळी रेघ उमटली की पुढे कोरड्यातही त्रास देते. कापडी वेष्टनाच्या तारा कुठे पत्र्याच्या कडेला घासतात का तेही पाहा. नव्या पत्र्याची प्रत्येक कड मुडपून घ्या.

मग गेरूची खाच पुन्हा, तेच तीन वेग, त्याच जागी कागद. जुने आणि नवे शेजारी मांडा. एखादी जागा आता जास्त लाल झाली असेल. तसं होतंच: अडवलेलं पाणी कुठेतरी जातं. ते पेट्रोलच्या नळीवर किंवा हँडब्रेकच्या ड्रमवर जात असेल तर मान्य करू नका. दाराच्या कडेवर जात असेल तर फडकं आहेच.

शेवटी खरा चिखल, दोन-तीनशे मीटर, चालत्या माणसाच्या वेगाने. दर पन्नास मीटरला उतरा आणि मडगार्डाखालच्या फटीत बोटं घाला. थर वाढतोय की गळून पडतोय? वाढत असेल तर मागे फिरा, फट वाढवा. नंतर मोकळ्या जागेत ब्रेक तपासा. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक गिअरच्या पेटीत तेलात चालतो, त्याला चिखलाची फिकीर नाही. हँडब्रेक मात्र मागच्या चाकांच्या ड्रमांत असतो, तो ओला झाला की नुसता नावाला उरतो. हळू चालवत दोन-चार वेळा ओढून वाळवा.

## टप्पा ९: उघडा

चिखल धुतल्यावर गाडी सावलीत एक दिवस उभी ठेवा. मग फळ्या, पडदे, पत्रे सगळं काढा. याच कामासाठी आपण क्लॅम्प लावले होते. पत्र्यांच्या भोकांतून पाणी निघालं का, की भोक मातीने बुजलं? फळीच्या सांध्यांत टिश्यू पेपर दाबा, ओला होतो का? नळीचे तुकडे कुठे सरकले? चमकदार झालेली कड म्हणजे काहीतरी घासतंय.

सगळं परत बसवताना क्लॅम्पच्या प्रत्येक बोल्टावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढा. पन्नास किलोमीटर चालवून रेघा पाहा. तुटलेली रेघ म्हणजे सैल बोल्ट. मग दर पंधरा दिवसांनी फक्त मधली फळी उचला, नख रोवून पाहा, वास घ्या आणि वहीत तारीख टाका. आमच्या गाडीच्या वहीत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत अशा दहा तारखा असतात.